उन्हाळ्याची सुटी, सायकल आणि पुस्तक

वार्षिक परीक्षा जवळ आली कीं शाळेच्या आवारांत दोन प्रश्न ऐकूं येऊं लागतात. पालक विचारतात, "सुटींत मुलाला कोणता वर्ग लावावा?" आणि मुलें एकमेकांस विचारतात, "सुटींत सकाळीं सायकलीवर कोठें जावयाचें?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर चिकटविलेल्या दिसतात. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र वडील माणसें पोरखेळ म्हणून पाहतात. माझें मत असें आहे कीं, या दुसऱ्या प्रश्नांतच पहिल्याचें बरेंचसें उत्तर आहे. मात्र सायकलीला पुस्तकांची एक पिशवी अडकविलेली असावी.

गेले दोन-तीन उन्हाळे वरच्या वर्गांतील कांहीं मुलें-मुली व मी पहांटे सायकली घेऊन निघतों. भिंगार मागें टाकून पाथर्डीच्या रस्त्यानें शाहडोंगर गांठावा, चढावर दम संपला कीं उतरून सायकल हातीं धरावी, आणि लोक ज्यास चांदबिबीचा महाल म्हणतात, पण जी वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे, त्या अष्टकोनी इमारतीच्या सावलींत बसून बरोबरचें पाणी प्यावें, हा आमचा नेम. तेथें बसलें असतां प्रत्येकानें सांगावयाचें कीं, सध्यां आपण कोणतें पुस्तक वाचीत आहों आणि तें दुसऱ्यानें वाचावें कीं नाहीं. ऊन तापण्यापूर्वीं घरीं परतावयाचें, व दुपारच्या वेळीं, जेव्हां पांखरेंहि सावली सोडीत नाहींत, तेव्हां वाचावयाचें. आमची उन्हाळी पुस्तकांची यादी अशी डोंगरावर तयार झाली.

कोणी म्हणेल, सायकलीचा आणि पुस्तकाचा संबंध काय? माझ्या मतें संबंध निकटचा आहे. दोन्हीं आपल्याच बळावर चालतात. मोटारींत बसलेल्या मनुष्यास चढ-उतार कळत नाहीं. सायकलस्वाराच्या मांड्यांस तो कळतो. त्याचप्रमाणें दुसऱ्यानें सांगितलेला सारांश आणि स्वतः वाचलेलें पुस्तक यांत अंतर आहे. परंतु दोहोंस एकच रोगहि जडतो. अलीकडे पुष्कळ सायकलस्वार आज किती किलोमीटर झाले एवढेंच मोबाइलमध्यें पाहतात. वाटेंत काय पाहिलें असें विचारलें तर गप्प बसतात. पुस्तकांची संख्या मोजणारे वाचकहि तसेच. आम्हांस तशी मोजदाद नको आहे.

आमच्या यादींतील पहिलें पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. हें १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालें. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचें वास्तव्य आपल्या नगरांत व राहुरीस होतें. ज्या बाईस शाळा ठाऊक नव्हती, जिला अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली, तिनें मराठींतील एक अत्यंत प्रांजळ आत्मचरित्र लिहिलें. तें वाचून राहुरीच्या रस्त्यानें जा, म्हणजे तीच वाट तुम्हांस निराळी दिसेल. दुसरें स्थळ नेवासें. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली तो पैसाचा खांब आपल्याच जिल्ह्यांत आहे. वाट लांबची आहे. लहानांनीं हट्ट धरूं नये. मोठ्यांनीं मात्र जाण्यापूर्वीं थोड्या ओव्या अर्थासह वाचाव्या, नाहींतर केवळ एक दगडी खांब पाहून परत यावें लागेल.

तिसरें स्थळ तर अगदीं दाराशीं, आपला भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्यें पंडित जवाहरलाल नेहरूंस येथें कैदेंत आणिलें, आणि १९४४ सालीं येथेंच त्यांनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. तो १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. याच नेहरूंनीं पूर्वीं एका सायकलप्रवासाच्या पुस्तकास प्रस्तावना लिहिली होती. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाची फेरी करण्यास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान असे देश पालथे घालून १९२८ सालीं परत आले. त्यांचें 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हें पुस्तक १९३१ सालीं निघालें. ज्यानें या भटक्यांचें कौतुक केलें, त्यासच पुढें आपल्या किल्ल्याच्या भिंतींआड दिवस मोजावे लागले. परंतु तेथेंहि तो मनानें सारा हिंदुस्थान हिंडला. पाय बांधले असतां मन कसें चालतें, हें या दोन पुस्तकांवरून शिकावें.

ज्यांस इंग्रजी जमूं लागलें आहे त्यांनीं डर्व्हला मर्फी या आयरिश बाईचें 'फुल टिल्ट' घ्यावें. दहाव्या वाढदिवशीं तिला एक जुनी सायकल व एक नकाशांचें पुस्तक मिळालें, आणि आपण सायकलीवर हिंदुस्थानांत जावयाचें असें तिनें तेव्हांच ठरविलें. १९६३ सालीं, एकतिसाव्या वर्षीं, तिनें तें खरें केलें. मुलास सायकल व नकाशा दिल्यानें काय होतें हें पालकांनींहि येथें पाहावें. अमेरिकेंतील मद्यपानबंदीच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड या त्रेपन्नाव्या वर्षीं सायकल शिकल्या व १८९५ सालीं त्यांनीं त्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याचें 'अ व्हील विदिन अ व्हील' हें नांव यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनांतून घेतलेलें आहे. आतां सायकल शिकण्याचें आपलें वय गेलें, असें म्हणणाऱ्या मातांस मी हें पुस्तक आवर्जून सुचवितों. मराठींत विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास' आहेच. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमींत कोंकणांतून उत्तरेस गेलेला हा गरीब भिक्षुक, झांशीचा वेढा डोळ्यांनीं पाहून, गंगेची कावड खांद्यावर घेऊन परत आला. त्याच्याजवळ सायकलहि नव्हती.

ही यादी सुंदर अक्षरांत लिहून मीं गतवर्षीं शाळेच्या फलकावर लाविली व मनांतून थोडा संतुष्टहि झालों. दुसऱ्या दिवशीं नववींतील एक विद्यार्थिनी माझ्यापाशीं आली. ती रोज खेड्यावरून सायकलीनें शाळेस येते. ती म्हणाली, "सर, तुमच्या यादींतलीं पुस्तकें चांगलीं असतील, पण सुटींत आमची सायकल दादा डेअरीवर दूध घालायला नेतो. शाळा बंद, सायकल नाहीं. मग पुस्तक मला कोण आणून देणार?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. मी शिफारस केली होती, परंतु ज्यांच्या घरीं पुस्तकें आहेत आणि ज्यांच्या सायकली सुटींत रिकाम्या आहेत अशांसाठींच ती होती. मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते खेड्यांतील शाळेचे शिक्षक. महिन्यांतून एकदां पगारासाठीं सायकलीवर नगरास येत, आणि परत जातांना मागच्या कॅरिअरला बांधून गांवांतील मुलांकरितां पुस्तकें नेत. "हें वाच" असें त्यांनीं कोणास नुसतें सांगितल्याचें मला स्मरत नाहीं. ते पुस्तकच हातांत ठेवीत.

त्या उन्हाळ्यांत आम्ही शनिवारचा रस्ता बदलला. डोंगराऐवजीं त्या मुलीच्या गांवीं जाऊं लागलों. प्रथम तीन पुस्तकें नेलीं. पंधरा दिवसांनीं गेलों तों 'स्मृतिचित्रें' परत देण्यास ती तयार नव्हती. कारण रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर ती आईला तें वाचून दाखवीत असे आणि पुस्तक अर्ध्यावर आलें होतें. आईनें आम्हांस ताक दिलें आणि विचारलें, "त्या लक्ष्मीबाईंचं पुढं काय झालं, तें तुम्हीं सांगूं नका हं, आम्हांला वाचूं द्या." इतक्या वर्षांच्या नोकरींत मला एवढी मोठी शाबासकी मिळालेली नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीसाठीं माझ्या तीनच सूचना आहेत. जें स्वतः वाचलें नाहीं त्याची शिफारस करूं नका. ज्याची शिफारस कराल तें पुस्तक आपल्या सायकलीवर दुसऱ्याच्या दारापर्यंत पोहोंचवा. आणि परत आणावयास जाल तेव्हां, "कितवें पान झालें?" असें न विचारतां, "काय आवडलें?" असें विचारा.

पालकांस एवढीच विनंती आहे कीं, वर्ग लावावयाचा तर लावा, परंतु सकाळचे दोन तास व दुपारचे दोन तास मुलांजवळ राहूं द्या. हमरस्त्यावरील मालमोटारींची धास्ती मलाहि वाटते. यास्तव मुलांनीं एकटें जाऊं नये, एकामागून एक चालावें व ऊन चढण्यापूर्वीं परतावें. घरांत जुनी सायकल गंजत पडली असेल तर तिच्या ट्यूबचें पंक्चर काढून घ्या, आणि कपाटांत पुस्तक धूळ खात असेल तर तें झटकून बाहेर ठेवा. आपल्या शाळेंत एखादी मुलगी अशी असेलच, जी दोहोंची वाट पाहत आहे.