वॅट राहू द्या, अँपिअर बोला!

आपल्या कॉलेजात अँप्लिफायरचा प्रोजेक्ट दरवर्षी होतो. बुधवार पेठेतून नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून पार्ट्स आणायचे, पीसीबी एच करायचा, गाणं वाजलं की टाळ्या. मग रिपोर्टच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात '१०० वॅट'. व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं, "करंट किती देतो रे हा?" की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला हे उत्तर येत नाही, त्याने कव्हरवर वॅट छापू नयेत.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगतोय. आमच्या ग्रुपचा अँप्लिफायर साधाच होता. सप्लाय सुमारे ±२५ व्होल्ट, आउटपुटला २एन३०५५ आणि एमजे२९५५ ची जोडी, त्यांना ड्राइव्ह करायला बीडी१३९ आणि बीडी१४०. लॅबमध्ये ८ ओहमच्या लोडवर सीआरओवर सुरेख साइन वेव्ह दिसली. पीक २० व्होल्ट, म्हणजे पीक करंट २.५ अँपिअर आणि पॉवर २५ वॅट. मग कुणीतरी हिशोब केला, ओहम कमी केले की वॅट वाढतात! गॅदरिंगला ८ ओहमचे चार बॉक्स पॅरलल जोडले. झाले २ ओहम. कागदावर १०० वॅट!

कागद आणि ट्रान्झिस्टर यांचं पटत नाही, ते त्या संध्याकाळी कळलं. २० व्होल्टला २ ओहम म्हणजे पीक करंट १० अँपिअर. २एन३०५५ ची कमाल मर्यादा १५ अँपिअर, म्हणून आम्ही निश्चिंत. पण डेटाशीटची पुढची ओळ कुणी वाचलीच नव्हती. याचा गेन ४ अँपिअरला कमीत कमी २० असतो, १० अँपिअरला मात्र फक्त ५ ची हमी. म्हणजे बेसला २ अँपिअर लागू शकतात. बिचाऱ्या बीडी१३९ ची मर्यादाच दीड अँपिअर! शिवाय तेवढ्या करंटला प्रत्येक रेलमधून सरासरी ३ अँपिअरच्या वर ओढले जाणार, आणि आमचा ट्रान्सफॉर्मर २ अँपिअरचा.

आधी आवाज फाटला, मग फ्यूज उडाला. इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण पुढचा डान्स अडला होता, म्हणून फ्यूजच्या जागी तार टाकली. ड्रायव्हर गेला, आउटपुट शॉर्ट झाला, सप्लायचा डीसी सरळ बॉक्समध्ये आणि दोन वूफर जळाले. ते भाड्याचे होते. पैसे भरले ते वेगळंच, पण ज्या ज्युनियर्सनी महिनाभर डान्स बसवला होता त्यांची तोंडं अजून आठवतात.

मुद्दा असा की, अँप्लिफायर करंट 'ढकलत' नाही. तो व्होल्टेज देतो, करंट लोड मागतो. मागणी पुरवायची ऐपत सप्लाय, ड्रायव्हर, आउटपुट आणि हीटसिंक या साखळीतल्या सर्वात कच्च्या कडीवर ठरते. एलएम३८८६ चंच बघा. ±२८ व्होल्टवर तो ८ ओहमला ३८ वॅट देतो. मग ४ ओहमला ७६ द्यायला हवेत ना? डेटाशीट म्हणते ६८. करंट वाढला की आत व्होल्टेज जास्त पडतं, म्हणून. त्याची करंट लिमिट साधारण ११.५ अँपिअर, पण हमी ७ चीच. डिझाइन ७ धरून करायचं, ११.५ वर नाही. नाहीतर ती उधारीच.

काही जण म्हणतील, "मग ४० अँपिअरचा अँप्लिफायर घ्या की!" तेही चूकच. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच-तीन अँपिअरच्या पलीकडे फारसं मागणारच नाही. नुसता अँपिअरचा आकडा हा त्या जुन्या डब्यांवरच्या पीएमपीओचाच भाऊ. किती ओहमला, किती वेळ आणि तेव्हा सप्लाय किती खाली आला, हे सांगितलं तरच त्याला अर्थ आहे.

म्हणून एक सुचवतो. अँप्लिफायरच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये एक तक्ता सक्तीचा करा. ८ आणि ४ ओहमच्या डमी लोडवर, क्लिपिंगच्या जरा आधी पीक करंट किती, रेल व्होल्टेज किती, आणि दहा मिनिटांनी हीटसिंक किती तापलं. वायरवाउंड रेझिस्टर, सीआरओ आणि मल्टिमीटर लॅबमध्ये आहेतच. एका दुपारचं काम आहे. तक्त्यात २५ वॅट आले तर २५ लिहा, त्यात लाज कसली? खरे २५ वॅट हॉल बऱ्यापैकी भरतात.

आणि हो, ते चार बॉक्स? दोन-दोन सीरिजमध्ये घेऊन त्या दोन जोड्या पॅरलल केल्या असत्या, तर लोड पुन्हा ८ ओहमच राहिला असता. बारावीचं फिजिक्स. पण तेव्हा आम्ही वॅट मोजत होतो ना!