नाटक फाईलीत अडकलंय

जत्रेत, काल्यात, सप्ताहात होणारी आपली मराठी नाटकं हल्ली हटकून चित्रित होतात. पूर्वी शूटिंगवाला बोलवायचा तर मंडळाला वर्गणीतून पैसे बाजूला काढावे लागत. आता पुढच्या रांगेतली चार पोरं मोबाईल धरून बसलेलीच असतात. चित्रण वाढलं, चांगलं झालं. पण ते ज्यांनी सगळ्यात आधी बघायला हवं त्यांच्यापर्यंत पोचतंय का? मला विचाराल तर नाही.

आमच्या कार्यालयात फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि कुठेतरी बसून राहते. संगणकातल्या फाईलीचंही तसंच आहे. ती मुलाच्या लॅपटॉपमध्ये असते, मुलगा बंगळूरला नाहीतर आखातात, आणि ज्यांनी तीस वर्षं गावच्या रंगमंचावर भूमिका केल्या ते वडील इथे पेडण्यात किंवा सत्तरीत. त्यांच्या टीव्हीखाली क्रोशाच्या रुमालाने झाकलेला डीव्हीडी प्लेयर अजून चालू आहे. रिमोटवरचं कुठलं बटण कशाचं हे त्यांना अंधारातही कळतं. तरुण मंडळी याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपलं नाटक आपल्या मनात येईल तेव्हा, कोणाची मनधरणी न करता लावून बघता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

मी कला शाखेचा पदवीधर, संगणक शिकलो तो जावक नोंदी टाइप करता करता. तरी आजूबाजूच्या टेबलांवरून पेनड्राइव्ह माझ्याकडे येतात. "जरा सीडी मारून द्या हो!" तक्रारही ठरलेली: डिस्क संगणकावर चालते, घरच्या प्लेयरवर नाही. कारण बहुतेक वेळा एकच. फाईल होती तशी उचलून डिस्कवर टाकलेली असते. ती झाली डेटा डिस्क. साधा प्लेयर मात्र शोधतो तो व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर, आणि त्यात एमपेग-२ या पद्धतीने बांधलेलं चित्र. मोबाईलची एमपीफोर फाईल त्याला परक्या भाषेतल्या पत्रासारखी. डिव्हएक्सची खूण असलेले किंवा यूएसबीचं भोक असलेले नंतरचे प्लेयर थोडे समजूतदार असतात, पण त्यांच्यावरही भरवसा ठेवू नये. फाईलचं नाव देवनागरीत दिलं तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात.

म्हणून आधी रूपांतर, मग राइटिंग. डीव्हीडीस्टायलरसारखा मोफत प्रोग्रॅम दोन्ही कामं करतो. आपल्याकडची पद्धत पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ चं चित्र आणि सेकंदाला २५ चौकटी, ती निवडावी. मेनू म्हणजे शेवटी चित्रच असतं. त्यामुळे चित्रात नाटकाचं नाव मराठीत लिहून ते मेनूला लावलं की प्लेयरवर व्यवस्थित मराठी दिसतं. वडिलांना आपल्या नाटकाचं नाव टीव्हीवर वाचता यावं एवढ्यासाठी तरी हा खटाटोप करावा. राइट करताना वेग कमी ठेवावा आणि शेवटी डिस्क फायनलाइज करायला विसरू नये, नाहीतर प्लेयर 'नो डिस्क' म्हणून मोकळा होतो.

माझा खरा राग आहे तो कोंबाकोंबीवर. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, संगणक ते ४.३७ दाखवतो, आणि त्यात साधारण दोन तासांचं चित्रण चांगलं बसतं. एका ओळखीच्यांना एका स्टुडिओने पूर्ण नाटक, सत्कार आणि भाषणांसह चार तास एकाच डिस्कवर भरून दिले. पात्र जरा हललं की चेहऱ्याचे ठोकळे! खलनायक कोण आणि नायक कोण ते आवाजावरून ओळखायचं. दोन डिस्का केल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आणि कापायचंच तर अंक संपतो तिथे कापा. पडदा कुठे पडतो हे नाटककाराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. सत्काराची भाषणं वाटल्यास तिसऱ्या डिस्कवर घाला, ती लावण्याची वेळ बहुधा येणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली फाईल घेऊ नये हेही सांगायला हवं. ती आधीच पिळून निघालेली असते. ज्याने चित्रण केलं त्याच्याकडून मूळ फाईल मागावी.

आणि इथेच आपल्या मंडळांचं चुकतं. डिस्क तयार झाली, कपाटात ठेवली, आता फाईल पुसली तरी चालेल असं समजतात. राइट होणाऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्याच्या मुळावर येतात. आपल्या पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी कशी धरते ते बघितलेल्यांना जास्त सांगायला नको. डिस्क बघण्यासाठी, फाईल जपण्यासाठी. मूळ फाईल निदान दोन हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत असावी.

डिस्कवर काही लिहिण्याचा कंटाळा हा आणखी एक रोग. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अंतराळात गेल्या, त्यांत आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर वाजवायची सुई ठेवली आणि ती कशी वाजवायची याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या. कोण ऐकणार याचा पत्ता नसताना! आपण मात्र पाच कोऱ्या चकत्या एका पिशवीत घालून देतो आणि त्यातली नाटकाची कुठली हे म्हाताऱ्या माणसाने शोधायचं.

आता लॅपटॉपला डिस्कची फटच नसते, नवे प्लेयर दुकानात शोधावे लागतात, हे मला मान्य आहे. ज्यांच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो आणि तो लावून द्यायला घरात कोणी आहे, त्यांनी डिस्कच्या मागे लागू नये. (तिथेही फाईल एच.२६४ मध्ये ठेवा. काही फोन एच.२६५ मध्ये चित्रण करतात, ते जुन्या टीव्हीला उलगडत नाही.) पण जुना प्लेयर चालू असलेली घरं अजून गावात आहेत. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर एका मंडळाला एक पुरतो. नेपथ्य, रंगभूषा, ध्वनी, मंडप, पेटीवाला, तबलजी यांच्या हिशेबात त्याची आणि दोन हार्डडिस्कची ओळ यंदाच्या जत्रेपासून घालावी, आणि डिस्कच्या कव्हरवर तारीख, गाव, पात्रांबरोबर प्रॉम्प्टरचंही नाव लिहावं.