हौसेची गाडी आणि पोटाची गाडी

हल्ली तरुण मुलांच्या मोबाईलवर एक नवेच वेड पाहायला मिळते. गाडीतच अंथरूण, गाडीतच स्वयंपाक, आज समुद्रकाठी मुक्काम तर उद्या डोंगरात. घरभाडे नाही, साहेबाची कटकट नाही. राज्य शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांसाठी कारव्हॅन पर्यटन धोरण आणले. मुले म्हणतात, जगावे तर असे! आम्ही त्यांना एवढेच विचारतो, बाळांनो, आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे संसार गाडीवर घालून निघतात, त्यांचे जगणे कधी पाहिले काय?

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर भागातील वस्त्या ओस पडतात. बैलगाडीत नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठ, भांडी, गोधड्या, शेळी आणि तान्हे लेकरू चढते. कोणी सांगली-कोल्हापूरला जातो, कोणी पुणे-सोलापूरला, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल तर लग्नात, दवाखान्यात आधीच संपलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आजारपणाने खाडा झाला तरी पैसे कापले जातात.

मुक्काम कोपीत. आत वाकूनच शिरायचे. न्हाणी नाही, संडास नाही. रात्री-अपरात्री गाडी भरायची, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीपुढे जे आले ते वाचून मन सुन्न होते. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, हे चांगलेच झाले. पण नुसत्या दरवाढीने कोपीला न्हाणी येत नाही.

दोन्हीकडे घर चाकावरच आहे. फरक मोकळिकीचा आहे. हौशी माणूस कंटाळला की घरी परततो. आपला माणूस उचल फिटल्याशिवाय परतू शकत नाही. आणि त्याच्या गाडीत बसलेल्या पोराची शाळा तेवढे महिने बुडते. पुढे त्याच पोराच्या हातात कोयता येतो.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. गाड्या निघण्याआधीच आपल्या गल्लीतल्या कुटुंबांना गाठा. ग्रामसेवकाकडे नोंद करून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र घ्यायला लावा. रेशनचे धान्य आता दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळते, हे त्यांना सांगा. हंगामी वसतिगृहाची चौकशी गुरुजींकडे करा. संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहे याच मुलामुलींसाठी आहेत. अर्ज लिहिता येत नसेल तर आपण लिहून देऊ. आजी-आजोबा गावीच राहणार असतील तर लेकरू त्यांच्यापाशी ठेवावे आणि शेजाऱ्यांनी त्यावर लक्ष ठेवावे. यंदाच्या गाडीत एक पोर कमी बसले, तरी पुढच्या पिढीतला एक कोयता कमी झाला असे समजा.