"दहा वेळा लिहून काढ!"

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! चूक झाली, लिहून काढ. गोंधळ घातला, लिहून काढ. त्यामुळे उतरवून काढणं म्हणजे शिक्षाच, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मला हे अजिबात पटत नाही. का, ते सांगायला तुम्हाला आठशे वर्षांपूर्वीच्या जपानमध्ये नेतो.

फुजिवारा नो तेइका (११६२ ते १२४१) हे क्योतोच्या दरबारातले उमराव. वडील शुन्झेई हेही नामवंत कवी. घराणं मोठं, पण स्वभाव तापट! तरुणपणी दरबारातल्याच एकाला त्यांनी हातातल्या दिव्याने मारलं आणि दरबार बंद झाला. वडिलांनी रदबदली केली तेव्हा कुठे परत प्रवेश मिळाला. पुढे निवृत्त सम्राट गो-तोबांच्या आज्ञेने झालेल्या 'शिन कोकिन्शू' या काव्यसंग्रहाचे ते एक संपादक झाले. शंभर कवींची प्रत्येकी एक कविता असलेला 'ह्याकुनिन इश्शू' हा संग्रहही त्यांचाच मानतात. त्यावरचा पत्त्यांचा खेळ जपानी घरांत नववर्षाला आजही रंगतो. आपल्या भेंड्याच जणू!

मला मात्र त्यांचं मोठेपण वेगळीकडे दिसतं. त्या काळी कथा-कविता टिकायच्या त्या कुणीतरी हाताने उतरवल्या म्हणून. १२३५ साली, सत्तरी उलटल्यावर, नजर अधू झालेली असताना तेइकांच्या हाती 'तोसा निक्की'ची मूळ प्रत आली. की नो त्सुरायुकी या कवीने स्वहस्ते लिहिलेली, सुमारे ३०० वर्षं जुनी. त्यांनी ती पूर्ण उतरवली. शेवटचा भाग तर त्सुरायुकींच्याच वळणात हुबेहूब काढला, पुढच्यांना ते अक्षर दिसावं म्हणून. मूळ प्रत नंतर हरवली. आज आपल्याला त्सुरायुकींचं वळण कळतं ते या म्हाताऱ्याच्या नकलेमुळे.

आणि स्वतः तेइकांचं अक्षर? ते वाईट आहे, असं खुद्द त्यांनीच लिहून ठेवलंय! गंमत म्हणजे पुढे चहाविधीच्या आचार्यांनी तेच वळण कौतुकाने गिरवलं.

तर माझं म्हणणं एवढंच. महिन्यातून एकदा मुलाला त्याच्या आवडीची एक कविता स्वतः निवडू द्या, वहीत उतरवू द्या. लाल शाई नको, अक्षराला गुण नकोत. हीच का निवडलीस, एवढं विचारा. घरी आजीला ओव्या येत असतील तर त्याही याच वहीत येऊ द्या.

आणि शिक्षा करायचीच असेल, तर कृपा करून दुसरी काहीतरी शोधा.