संपाआधीची शिदोरी

सरकारी कचेरीला कुलूप लागले तर मुंबईकराची गैरसोय होते. यवतमाळकराचा व्यवहारच थांबतो. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात महिन्याच्या महिन्यास घरात येणारे वेतन बहुतांशी सरकारचे, जिल्हा परिषदेचे किंवा अनुदानावर चालणाऱ्या शाळा-महाविद्यालयांचे असते. वणीकडील कोळशाच्या खाणी हा अपवाद म्हणावा, तर त्याही मुख्यतः सरकारच्याच मालकीच्या. दारव्ह्याचा किराणा दुकानदार, पुसदचा घरमालक, पांढरकवड्याचा शिंपी या सर्वांची उधारी अखेर त्या वेतनावरच वसूल होते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या संघटना जेव्हा 'बेमुदत' हा शब्द उच्चारतात, तेव्हा तो केवळ त्यांचा व मंत्रालयाचा प्रश्न राहत नाही. त्या शब्दाची तयारी त्यांनी कितपत केली आहे, हे विचारण्याचा अधिकार साऱ्या गावाला पोहोचतो.

मार्च २०२३ मधील संपाची आठवण अद्याप ताजी आहे. जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी त्या महिन्याच्या १४ तारखेस राज्यातील लाखो सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले आणि २० तारखेस, सरकारचे आश्वासन पदरात घेऊन, संप मागे घेण्यात आला. ती मागणी आमच्या मते न्याय्य होती. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांचे निश्चित निवृत्तिवेतन काढून घेऊन त्यांचे म्हातारपण बाजाराच्या चढउतारास बांधण्यात आले. त्याच कचेरीत, त्याच टेबलावर बसणाऱ्या दोघांपैकी एकास खात्रीची भाकरी आणि दुसऱ्यास दैवाचा हवाला, हा भेद कोणत्या सुज्ञ माणसास रुचेल? पुढे १ मार्च २०२४ रोजी सरकारनेच अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतक्या निवृत्तिवेतनाची सुधारित योजना जाहीर केली, यावरून त्या तक्रारीत तथ्य होते हे सिद्धच झाले.

परंतु मागणी न्याय्य असणे आणि तयारी पुरी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तो संप सात दिवसांत आटोपला म्हणून निभावले. सात दिवसांची तूट मध्यमवर्गीय घर कसेबसे सोसते. दूधवाल्याला थांबवता येते, विम्याचा हप्ता चार दिवस लांबवता येतो. हाच संप सत्तर दिवस चालला असता तर? कोणत्या संघटनेच्या तिजोरीत त्याचे उत्तर होते?

आणि ते सात दिवसही बाहेरच्यांना सुखाचे गेले नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षांचे ते दिवस. त्यातच राज्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि पंचनाम्यास तलाठी नाही अशी स्थिती उद्भवली. आडवा झालेला गहू शेतकऱ्याने कोणास दाखवावा? २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भात येऊन ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते, ते कशामुळे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. ज्या जिल्ह्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेची मदतसुद्धा कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकल्याशिवाय मिळत नाही, तेथे टेबलामागील खुर्ची रिकामी राहणे ही साधी गोष्ट नव्हे.

जुन्या पिढीस १९७७ चा संप आठवत असेल. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचारी डिसेंबरात बाहेर पडले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. तो संप चौपन्न दिवस चालला. चौपन्न दिवस म्हणजे दोन पगार बुडण्याची वेळ. त्या काळी घरोघर वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी टिकून होती, गावाकडे शेताचा तुकडा असे, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता नसे. आजच्या कर्मचाऱ्याचे वेतन बँकेत जमा होताच त्यातील मोठा भाग हप्त्यांच्या वाटेने परस्पर निघून जातो. आजोबांनी चौपन्न दिवस काढले म्हणून नातूही काढील, हा हिशेब चुकीचा आहे.

हिशेब चुकल्यावर काय होते, हे एस. टी. कामगारांनी दाखवून दिले. आधीच थकलेल्या वेतनाने गांजलेले ते कामगार २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस, महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण व्हावे म्हणून, बाहेर पडले. संप लवकरच जुन्या संघटनांच्या हातून निसटला. नोव्हेंबरात सरकारने वेतनवाढ जाहीर केली. ती घेऊन परतावे की विलीनीकरणावर अडून राहावे, याचा निर्णय थंड डोक्याने घेणारे कोणी उरले नव्हते. निलंबने झाली, बडतर्फ्या झाल्या, काही कामगारांनी जीव दिले, आणि अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितल्यावर गाड्या पूर्ववत् धावू लागल्या. विलीनीकरण झालेच नाही. त्या पाच-सहा महिन्यांत आगाराबाहेर बसलेल्या चालक-वाहकांच्या घरी चूल कशी पेटली, याची नोंद कोणत्याही संघटनेच्या अहवालात सापडणार नाही. खेड्यातील ज्या मुलींना शाळेस जाण्यास एस. टी.वाचून दुसरे वाहन नव्हते, त्यांचीही नोंद नाही.

येथे अमेरिकेचे उदाहरण देण्याचा मोह होतो, आणि तो आम्ही आवरीत नाही. त्या देशात कर्मचारी संपावर जात नाहीत, सरकारच संपावर जाते! १ ऑक्टोबरास आर्थिक वर्ष सुरू होते. तोवर तेथील संसदेने खर्चास मंजुरी दिली नाही तर खात्यांना कुलूप लागते. आपल्या राज्यघटनेत लेखानुदानाची सोय असल्याने असा प्रसंग आपल्यावर येत नाही, ही घटनाकारांची दूरदृष्टी. २०२५ मध्ये तेथील टाळेबंदी ४३ दिवस चालली. लाखो कर्मचारी घरी बसले, आणि आणखी लाखो, विमानतळावरील वाहतूक नियंत्रकांसह, वेतनावाचून कामावर राबले. पूर्वीच्या टाळेबंद्यांनी पोळलेल्या तेथील संघटना अशा प्रसंगी सभासदांना आधीच समजावून सांगतात की कोणास कामावर यावे लागेल, कोणास घरी बसावे लागेल, बेकारी भत्ता कोठे मागावा, घरमालकास व सावकारी पेढीस कोणत्या शब्दांत पत्र लिहावे. थकलेले वेतन मागाहून मिळावे असा कायदाही तेथे २०१९ पासून आहे; कंत्राटदाराच्या माणसांना मात्र त्याचे संरक्षण नाही. आपल्याकडे संपात बुडालेले वेतन परत मिळण्याची हमी कोणीच देत नाही. म्हणजे तयारीची गरज आपल्याला त्यांच्याहून अधिक, आणि आपल्या संघटनांची पत्रके पाहावी तर त्यांत घोषणा तेवढ्या ठळक टाइपात!

तयारीची पहिली पायरी म्हणजे सभासदास खरे सांगणे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांतील सहावा नियम संपास मनाई करतो, हे किती लिपिकांना संपापूर्वी वाचून दाखवले जाते? ६ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या खटल्यात, सरकारी सेवकांस संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक अधिकार नाही, असे म्हटले. त्या राज्यात तेव्हा लाखाहून अधिक माणसे एका फटक्यासरशी कामावरून काढली गेली होती. तो निकाल आम्हांस कठोर वाटतो, विशेषतः त्यातील नैतिकतेविषयीचे विधान. पण नावडला म्हणून निकाल नाहीसा होत नाही. ज्यास धोका ठाऊक आहे आणि तरीही जो बाहेर पडतो, तोच तिसऱ्या आठवड्यात टिकतो. मंडपातील टाळ्यांच्या भरात हात वर केलेला माणूस पहिली नोटीस येताच मागच्या दाराने कामावर रुजू होतो, आणि त्यास फितूर म्हणणारे पुढारी त्यास आधी काय सांगितले होते ते सोयीस्करपणे विसरतात.

दुसरी गोष्ट पैशाची. सभासदांचे वादात झालेले नुकसान संघाच्या निधीतून भरून देण्याची मुभा १९२६ च्या कामगार संघ कायद्याने कामगार संघांना दिली होती. तो कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली. पण सुमारे शंभर वर्षे ही मुभा कागदावर असताना संपनिधी नावाची वस्तू आपल्याकडे क्वचितच दिसली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतील असंख्य अखेर गावच्या शेतावर पोसले गेले. ज्यांना गाव नव्हते त्यांचे काय झाले, ते गिरणगावाने पाहिले आहे. आपल्या तालुक्या-तालुक्यांत पगारदारांच्या सहकारी पतसंस्था आहेत. संपाच्या महिन्यांत कर्जवसुली लांबणीवर टाकण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आधीच, शांतपणे, व्याजाच्या आकड्यासह करून ठेवण्यास कोणाची हरकत आहे? तहान लागल्यावर विहीर खणू पाहणारांना वणी-मारेगावच्या उन्हात पाणी लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो कंत्राटी माणसांचा. कायम कर्मचाऱ्याच्या संपात कचेरी बंद राहिली की तेथील कंत्राटी शिपायाचा व सफाई कामगार स्त्रीचाही रोज बुडतो, आणि मागणी मान्य झाली तर तिचा लाभ त्यांना मिळत नाही. अंगणवाडी सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या. वेतन नव्हे, तुटपुंजे मानधन घेणाऱ्या त्या स्त्रियांनी जी चिकाटी दाखवली, ती पाहून निवृत्तिवेतनासाठी झगडणाऱ्या मोठ्या संघटनांनी आपल्या निधीतील किती रुपये त्यांच्याकडे वळवले, हे त्यांचे त्यांनीच तपासावे.

यापुढे यवतमाळात संघटनांची समन्वय समिती बसेल तेव्हा तिच्यापुढे निवेदनाच्या मसुद्याबरोबर आणखी तीन कागद असावेत, अशी आमची अपेक्षा आहे. निधीत किती दिवसांची शिल्लक आहे याचा ताळेबंद. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील कोणते विभाग कोणत्याही परिस्थितीत चालू राहतील याची यादी. आणि गारपीट झाली तर पंचनाम्यास कोण जाईल, त्या तलाठ्यांची तालुकावार नावे. सरकारनेही आपल्या बाजूने, नोटीस हाती पडल्यापासूनचे दिवस अत्यावश्यक सेवा कायद्याची पाने चाळण्यात न घालवता चर्चेसाठी वापरावेत. २०२३ मध्ये तडजोड होण्यास सात दिवस आणि एक गारपीट लागली. ती तडजोड १३ मार्चलाही करता आली असती.