‘तुमचे लोक लस घेत नाहीत’ म्हणणाऱ्यांना, आणि आपल्याही लोकांना

सीवूड्सहून हार्बर लाइनची लोकल पकडली की सहावं स्टेशन गोवंडी. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस तिथल्या रफी नगरात एकाच कुटुंबातली तीन मुलं पाठोपाठ गेली आणि मुंबईला कळलं की गोवर पसरलाय.

त्या दिवसांत ऑफिसात डबा खाताना एक सहकारी म्हणाला, “तुमच्या लोकांना लस नकोच असते ना?” मी गप्प बसलो. त्याच रात्री खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाने ऑडिओ टाकला, की लसीमुळे मुलांना पुढे औलाद होत नाही. तिथेही मी गप्प बसलो. दोघांनाही उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देतो.

आधी सहकाऱ्याला. लस नाकारणं ही मुसलमानांची मक्तेदारी नाही. गोवर शरीराचं काय करतो, यावरचं एक महत्त्वाचं संशोधन २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. ते नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांवर झालं. ती कट्टर प्रोटेस्टंट ख्रिस्ती वस्त्यांमधली होती. गोवराने त्यांच्या शरीरातल्या जुन्या आजारांविरुद्धच्या ११ ते ७३ टक्के अँटिबॉडीज पुसून टाकल्या होत्या. म्हणजे पुरळ गेलं तरी मूल नंतर दुसऱ्या आजारांपुढे उघडं पडतं.

आणि गोवंडीत नकार हे एकच कारण नव्हतं. देवनारच्या कचरा डोंगराला लागून वस्ती, दाटीवाटीची घरं, कुपोषण, सतत गाव-शहर करणारी कुटुंबं, वर कोविडच्या दोन वर्षांत रखडलेलं लसीकरण. आमच्याकडे कामाला येणारी ताई मानखुर्दहून येते. तिच्या मुलाचा डोस का राहिला, असं विचारलं तर म्हणाली, “लस देतात ती सकाळी. त्या वेळेला मी तुमच्याच घरी असते, दादा.” तिच्या मनात कुठलीही अफवा नव्हती. तिला सुट्टी नव्हती, आणि ती आम्हीही दिली नव्हती.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोक फॉर्म अर्धवट सोडायला लागले, तर आम्ही ग्राहकाला अडाणी म्हणत नाही. ते कुठे अडतात ते शोधतो. वस्तीला मात्र सरळ अडाणी म्हटलं जातं. साथ पसरल्यावर पालिकेने मौलानांची मदत घेतली, चांगलंच केलं. पण मौलाना साथीच्या आधीही तिथेच होते.

आता भाईजान, तुला. गोवराची लस १९८५ पासून देशाच्या कार्यक्रमात आहे. तू-मी ती घेतलेली पिढी. आपल्याला औलाद झाली, म्हणून तर हा वाद चाललाय. दुसरी शंका जिलेटिनची. ती खोटी नाही. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०१८ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हीच गोवर-रुबेला लस तपासली. त्यात डुकराचा अंश वापरल्याचं उघड सांगितलं, आणि तरीही गरज आहे, पर्याय नाही, म्हणून ती घेण्याची मुभा दिली. दीनदार माणसाचा प्रश्न असा सोडवतात. निनावी ऑडिओ पुढे ढकलून नाही.

पालिका अफवेकडे बोट दाखवून सुटते. आपण पालिकेकडे बोट दाखवून सुटतो. मधल्या मधे मूल तापाने फणफणतं.

म्हणून पालिकेकडे मागणी: लसीकरण संध्याकाळी आणि रविवारीही ठेवा, माहिती उर्दू-हिंदी-मराठीत द्या, आणि गावाहून आलेल्या मुलाला जुनं कार्ड नाही म्हणून परत पाठवू नका.

आणि तरुणांनो, आपलं काम: पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात. आपल्या मशिदीच्या जमातीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करा आणि राहिलेल्यांच्या घरी जा. घरकामाच्या बाईला त्या दिवशी पगारी सुट्टी द्या. ग्रुपवर तसा ऑडिओ आला तर तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्या.

मी उत्तर दिलं. चुलतभाऊ ग्रुप सोडून गेला. पण त्याच्या बायकोने मला वेगळा मेसेज केला: “भाईजान, दुसरा डोस राहिलाय. अजून चालेल का?”

चालेल, भाभी. उद्याच जा.