तिरक्याची तरफदारी

मराठीत 'सरळ' या शब्दाची अब्रू मोठी. माणूस सरळ, मार्ग सरळ, व्यवहार सरळ! 'तिरका' म्हटला की चाल तिरकी, बोलणे तिरके. वर्गात मी वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो. पण डोळ्याच्या शस्त्रक्रियेत तिरक्याचाही मान मोठा असतो, हे यंदा मावशीमुळे कळले.

मावशी आमच्याकडे मानकोलीला असते. मधुमेहाने तिच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरात रक्त उतरले आणि तो गर काढणे भाग पडले. डॉक्टर म्हणाले, "तीन बारीक छेद, बहुधा टाका नाही." मावशीने लगेच विचारले, "भोक पाडायचे आणि शिवायचे नाही? मग आतले पाणी नाही का गळणार? आणि इथली धूळ?" आमच्याकडची गोदामे नि नाशिक रस्त्यावरचे ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, ते या शंकेला हसणार नाहीत.

मौज अशी, की मोठमोठ्या शल्यविशारदांनाही हीच शंका होती. १९७० साली रॉबर्ट माखेमर यांनी मायामीत ही शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा छेद २.३ मिलिमीटरचा असे. टाका घालावाच लागे. गेजचा आकडा वाढतो तसे हत्यार बारीक होते. पुढे २० गेजची, सुमारे ०.९ मिलिमीटरची हत्यारे आली. २००२ मध्ये २५ गेजची, अर्ध्या मिलिमीटरची. टाका सुटला, पण सरळ घुसवलेला छेद कधीकधी गळे, डोळ्याचा दाब उतरे, जंतूंना वाट मिळण्याची भीती राही.

२००५ साली फ्रँकफुर्टच्या क्लाउस एकार्ट यांनी २३ गेजसाठी पाते तिरके घातले. वरचा पातळ पडदा आधी सरकवून धरायचा आणि पांढऱ्या भागात साधारण ३० अंशांनी शिरायचे. आत उघडणारे दार आतूनच रेटले की घट्ट बसते. तसा डोळ्याचा दाबच या तिरक्या वाटेला मिटवतो. वरचा पडदाही जागेवर सरकून भोक झाकतो.

मावशीचे दोन छेद असेच मिटले. तिसरा पाझरला, त्याला टाका घातला. त्यात कमीपणा कसला? म्हणून वाचकहो, घरात असा प्रसंग आला, तर केवळ "किती गेज?" विचारू नका, "छेद कसा घेणार? गळला तर शिवणार ना?" हेही विचारा. आणि घरी आल्यावर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर घटली, तर दिवाळी असो की दसरा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.